तन्मणीचं काय करू?

विलेपार्ले,
रविवार, दुपार

प्रिय सुलू,

'सा. न. वि. वि.' लिहिलं होतं, खोडलं. तू फिदीफिदी हसली असतीस. दोन वर्षांत तुला एक फोन नाही, दिवाळीला नुसता पणत्यांचा फोटो ढकलला, आणि आज एकदम पत्र. तब्येत ठीक, शुगर गोळीवर. लिहायचं कारण एवढंच की तू जिंकलीस. चहा ठेव आणि मग पुढचं वाच.

सईचं लग्न डिसेंबरात आहे, दादरला. तिला सोनं नको, सगळं मोत्याचं हवंय. नथ, कुड्या, चिंचपेटी, मुंडावळ्या, आणि आजीचा तन्मणी. आई इतकी हरखली की ८६व्या वर्षी स्वतः उठून कपाट उघडलं. तन्मणीचं रेशीम पार कुजलेलं, एक सर तुटायच्या बेतात. म्हणून गाठवायला झवेरी बाजारात पटवेकऱ्यांकडे नेला.

त्यांनी सर सोडवले, लाल कापडावर मोती पसरले. एक मोती चिमटीत धरून भिंगातून त्याच्या भोकात बघितलं. मग दुसरा. मग तिसरा. म्हणाले, "ताई, हे आखातातले अस्सल बसरा मोती म्हणून कोणी सांगितलं?" आणि भिंग माझ्या हातात दिलं. भोकाच्या आत, कडेपासून जरा खाली, बारीक काळपट रेघ, बांगडीसारखी गोल. रेघेच्या आत शिंपल्याचा घडवलेला मणी, बाहेर मोत्याचा थर. कल्चर मोती, सुलू, माणसाने शिंपल्यात मणी घालून धरवलेले. खोडातली, म्हणजे मधल्या पदकातली, माणकं खरी, पण मोती जपानी! मी हट्टाने एक्स-रे काढून घेतला. प्रत्येक मोत्याच्या पोटात मणी, आवळ्यात बी असावी तसा.

आईची दाताची परीक्षा आठवते? प्रत्येक मुंजीला, लग्नाला मोती दातावर घासायचा आणि जाहीर करायचं, "खरखर लागते, अस्सल!" तुला घासायला दिला तर तू चावलास, आणि वर म्हणालीस, "काकू, हे सगळे एका मापाचे कसे हो?" मी तुझ्याशी चार महिने बोलले नव्हते. तर ऐक, खरखर कल्चरलाही लागते. वरचा थर तोच ना. त्या परीक्षेत फक्त काचेचा मोती नापास होतो.

आजोबांनी तो १९३८ साली घेतला. बहरीन-कुवेतकडचे मोती मुंबईत यायचे, इथे त्यांना भोकं पाडायची, प्रतवारी व्हायची, हे आईला रामरक्षेसारखं पाठ. त्या रामरक्षेत मिकिमोतो नाही. त्या जपान्याने १८९३ सालीच शिंपल्यात मोती धरवला होता. आजोबा बाजारात गेले तोवर जपानी मोती जगभर पोचले होते आणि आखातातला धंदा बसला होता. बहरीनला १९३२ साली तेल लागलं, मग मोत्यांसाठी बुड्या मारायला कोण जातंय? म्हणजे आजोबा फसले, की कारकुनाच्या पगारात बसलं ते घेतलं आणि घरी येऊन बसरा म्हणून सांगितलं? दुसरं असेल तर मला ते जास्त आवडतील.

राग माझाच येतो. गिरगावची खोली रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आई म्हणाली, "खोली दादाला, तन्मणी तुला. तोलास तोल झालं." मी हक्कसोडपत्रावर सही करायला निघाले, आणि तू म्हणालीस, "आधी मोती दाखवून घे, मग पेन उघड." त्यावर मी तुला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुझ्या लक्षात असणारच, तू किराण्याची उधारीसुद्धा विसरत नाहीस.

आता बोल. दादाला सांगितलं तर त्याला वाटणार, ही खोलीत वाटा मागायला आली. वहिनी तर लगेच चष्मा लावून कागद काढेल. नाही सांगितलं तर रात्री तीनला जाग येते आणि वाटतं, दादाला आधीच ठाऊक होतं की काय? मग माझीच मला लाज वाटते. त्याला अजून कुड्या आणि बुगड्यांतला फरक कळत नाही, मोत्याच्या पोटातलं काय कळणार! सईला सांगितलं. ती म्हणाली, "मग काय झालं? पणजीने घातलाय ना?" आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं. तिला काय, तिने कुठे खोली सोडलीय.

आईला सांगायचं धाडस होत नाही. नव्या रेशमात गाठवलेला तन्मणी काल तिच्या हातात दिला. तिने सवयीने मोती दातावर घासला. सुलू, कवळीवर! दोनदा घासून म्हणाली, "अस्सल." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगीच धुतलेली पातेली पुन्हा धुतली.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? अमेय आला का कॅनडाहून? इंदूरचे शेजारी अजून पहाटे पंप लावतात? सगळं सविस्तर कळव.

आणि लग्नाला चार दिवस आधी ये. आई तुला जवळ बसवून विचारणारच, "काय गं, बसराच ना?" माझ्या तोंडावर लगेच दिसतं. तू बेमालूम खोटं बोलतेस, आठवीपासून बघतेय. आईच्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवते.

तुझी,
कुमू