कोनशिलेवर ओताऱ्याचंही नाव येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोनशिलेवर आपण नावं दाटीवाटीने बसवतो. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, झालंच तर ठेकेदार. महिनोन्‌महिने मातीत हात घालून ते रूप उभं करणारा शिल्पकार आणि ते धातूत उतरवणारा ओतारी, या दोघांना मात्र बहुतेक वेळा त्या दगडावर जागा मिळत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर म्हणून, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुने बनवण्यात, हयात घालवलेल्या माणसाला हे खटकतं.

आत्ता लिहायला निमित्त झालं ते भाच्याने अमेरिकेतून पाठवलेल्या एका फोटोचं. तो अटलांटाला असतो. यादवी युद्धात १८६४ साली ते शहर जळालं, म्हणून त्याच्या मुद्रेवर राखेतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे आणि १८४७ व १८६५ ही दोन सालं. तिथल्या वुडरफ पार्कमध्ये हाच फिनिक्स ब्राँझमध्ये उभा आहे, एका स्त्रीला राखेतून वर उचलणारा. १९६९ सालचं हे शिल्प एका व्यापारी घराण्याच्या प्रतिष्ठानने शहराला भेट दिलं. त्याची माहिती शोधली तर आराखडा जेम्स सायग्लर यांचा आणि शिल्प गॅम्बा क्विरिनो यांचं, अशी वेगवेगळी नोंद मिळते. कागदावर कल्पना काढणारा आणि प्रत्यक्ष घडवणारा यांची गल्लत त्यांनी केलेली नाही, हे मला आवडलं.

आता आपल्याकडे बघा. शिवाजी चौकात पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. स्वातंत्र्यलढ्याच्या धामधुमीत तो फोडला गेला आणि त्या जागी १९४५ साली शिवछत्रपतींचा अर्धपुतळा बसला. पुढाकार भालजी पेंढारकरांचा, हात बाबूराव पेंटरांचे. १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे, कॅमेरासुद्धा स्वतः बनवणारे तेच बाबूराव. कावळा नाक्यावरची घोड्यावरची ताराराणी त्यांच्या चिरंजीवांची, रवींद्र मेस्त्रींची. विद्यापीठातला अश्वारूढ शिवपुतळा बी. आर. खेडकरांचा, १९७४ सालचा. चौकात रोज रिक्षाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या दहा जणांना यातलं एक नाव विचारून बघा.

ताराराणीचा घोडा तर आमच्या धंद्यातल्या माणसाने थांबून बघावा असा आहे. पुढचे दोन्ही पाय हवेत, सगळा भार मागच्या टाचांवर. असं काम चित्रात सोपं दिसतं. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो, भिंत पाच-सहा मिलिमीटरची, तुकड्या-तुकड्यांत ओतून जोडलेली. थंड होताना ओतीव लोखंड साधारण एक टक्का आकसतं, ब्राँझ दीड टक्क्याच्या आसपास. तो हिशोब साच्यात आधीच धरावा लागतो, नाहीतर जोडाच्या वेळी मांडी पोटाला बसत नाही. रस कुठून सोडायचा, हवा कुठून काढायची, कुठे धातू जाड ठेवायचा, हे ठरवणारा माणूस भट्टीसमोर घाम गाळत असतो आणि अनावरणाच्या दिवशी मांडवात मागच्या खुर्चीवरही नसतो.

नाव कोरणं हा नुसता मानाचा प्रश्न नाही. २६ ऑगस्ट २०२४ ला मालवणात राजकोट किल्ल्यावरचा पस्तीस फुटी पुतळा कोसळला. अनावरणाला नऊ महिनेही झाले नव्हते. तो कुणी घडवला हे उभ्या महाराष्ट्राला कळलं ते पुतळा पडल्यावर. शिल्पकार कोण, ओतकाम कुणाचं, आतला सांगाडा कुणी तपासला, हे पहिल्या दिवसापासून चौथऱ्यावर लिहिलेलं असतं तर घाईने काम उरकणाऱ्याचा हात जरा अडखळला असता, असं मला वाटतं.

शहराच्या मुद्रेचं म्हणाल, तर आपली नगरपालिका १८५४ सालची आणि महापालिका १९७२ सालची. एवढ्या जुन्या कारभाराचा शिक्का आपण बघतो तो घरफाळ्याच्या पावतीवर. तोही पाहून आनंद व्हावा असा प्रसंग नसतो! हल्ली गावोगावी ‘आय लव्ह’ची रंगीत अक्षरं उभी राहतात, चार पावसाळ्यांत पत्रा गंजतो. त्यापेक्षा कोल्हापूरचं चिन्ह ब्राँझमध्ये करून एखाद्या चौकात बसवावं. माती, साचा, भट्टी, चिझलिंग (ओतीव कामावर छिन्नीने हात फिरवणं), सगळी माणसं इथे आहेत. शिरोली आणि उद्यमनगर या औद्योगिक वसाहती पालथ्या घालायचीही गरज नाही. मात्र फायबरवर सोनेरी रंग मारून ‘ब्राँझसारखं’ करायचं असेल तर नको, पैसे वाचवा.

महापालिकेने हे करावं न करावं, पण एक काम तिला कमी खर्चात लगेच जमण्यासारखं आहे. शहरातल्या प्रत्येक पुतळ्यापाशी हातभर पाटी लावा : शिल्पकार, ओतकाम कुणाचं, धातू, साल. जुन्या पुतळ्यांची माहिती दप्तरात सापडली नाही तर कलानिकेतन आणि दळवीज्‌ या इथल्या कलाशाळांमधल्या जुन्या गुरुजींना विचारावं, ते सांगतील.

जाता जाता मंडळांना एक विनंती. जयंती आली की पुतळ्याला ऑइलपेंट फासू नका. ब्राँझवर काळाने चढलेली तपकिरी छटा म्हणजे मळ नव्हे, ती धातूला जपते. साध्या पाण्याने, सौम्य साबणाने धुवा. आणि दुग्धाभिषेक झाल्यावर लगेच भरपूर पाणी सोडा. घड्यांत राहिलेलं दूध आंबतं आणि धातूला खातं.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर