गोकर्णच्या अक्कांना, आमच्या यादीवर काट मारल्याबद्दल आभार

प्रिय अक्का,

सांगलीहून आलेली एक आजी, तिची मुलगी आणि अरबैल घाटात तीनदा उलट्या करून पिवळा पडलेला नऊ वर्षांचा पोरगा आठवतोय का? तुमच्याकडे वर्षभर यात्रेकरूंची ये-जा असते त्यामुळे नसेलही आठवत, पण आजीने ओसरीवर बसून तुमच्याशी इतिहासावरून वाद घातला होता म्हटल्यावर नक्की आठवेल. मी त्या आजीची मुलगी. घरी येऊन दोन महिने झाले, फोन करून थँक्यू म्हटलं होतं पण फोनवर तुमचं मराठी आणि माझं शून्य कन्नड यात अर्धं हवेतच गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, तुमचा मुलगा वाचून दाखवेल.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही कोटितीर्थ तळ्याच्या काठावर गाडीत बसलो होतो कारण ऑनलाइन बुक केलेली खोली दुसऱ्याच कोणाला देऊन टाकलेली आणि मालक फोन उचलत नव्हता. दिवाळीची सुट्टी, सगळं फुल्ल. आईचा गुडघा सुजलेला. तुम्ही पाणी भरायला बाहेर आलात, गाडीत डोकावलात आणि काही न विचारता "बन्नी बन्नी" (या, या) म्हणत आईचा हात धरून तिला आत घेऊन गेलात. खोलीचं भाडं किती हे मी रात्री जेवण झाल्यावर विचारलं, तेव्हा तुम्ही हसलात.

पण खरे आभार त्या यादीबद्दल आहेत.

मी दोन दिवसांत नऊ ठिकाणं असा कागद प्रिंट काढून आणला होता (हो, प्रिंट, ऑफिसची सवय). महाबळेश्वर (गोकर्णातलं शंकराचं देऊळ, आपलं साताऱ्याकडचं नव्हे), मुरुडेश्वर, याणा, ओम बीच, हाफ मून, पॅराडाईज, कारवार, इडगुंजी, मिरजान. तुम्ही चष्मा लावून वाचलात, माझ्याच पेनने सहा नावांवर काट मारलीत आणि म्हणालात, म्हातारीला देव दाखवायला आणलंस की रस्ता? मला रागच आला होता खरं सांगते. मुरुडेश्वरची १२३ फुटी शंकराची मूर्ती बघायची म्हणून पोराने शाळेत सांगून ठेवलं होतं, त्याने तर भोकाडच पसरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही आम्हाला क्रमाने नेलंत. आधी कोटितीर्थ, मग समुद्रात पाय, मग गणपती आणि मगच महाबळेश्वर. आम्ही थेट महाबळेश्वराच्या रांगेत घुसणार होतो. माझी जीन्स बघून तुम्ही तुमची साडी दिलीत, पोराला पंचा गुंडाळून उघड्या अंगाने उभं केलंत आणि तो थंडीने कुडकुडत का होईना पण एकदम शहाण्यासारखा चालला. गणपतीसमोर तुम्ही त्याला मूर्ती नीट बघायला लावलीत, दोनच हात, उभा, आणि डोक्यावर तो खळगा, रावणाचं आत्मलिंग, म्हणजे शंकराने त्याला दिलेलं लिंग, इथे जमिनीवर ठेवलं म्हणून रावणाने मारलेल्या ठोशाचा. गोष्ट त्याला माहीत होती कारण आजी गुरुचरित्राचा सहावा अध्याय वाचताना तो शेजारी लोळत असतो, पण खळगा बघितल्यावर म्हणाला, म्हणजे हे खरंच झालं? त्यानंतर मुरुडेश्वरचं नाव पूर्ण ट्रिपमध्ये काढलं नाही.

महाबळेश्वराच्या देवळात तेच आत्मलिंग आहे, त्याला हात लावायला खाली बसावं लागतं, आणि आईला खाली बसता येत नाही. तुम्ही आतल्या भटजींशी कन्नडमध्ये काय बोललात मला कळलं नाही, पण मागच्या रांगेला दोन मिनिटं थांबवलं गेलं, तुम्ही एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, आणि आईचं बोट शाळिग्राम पीठाच्या त्या छिद्रात गेलं. ती बाहेर येऊन बराच वेळ बोललीच नाही. नंतर म्हणाली, गार आहे गं. बस एवढंच.

आता वादाबद्दल. आई ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवत होती, त्यामुळे जेवताना तिने तुम्हाला ऐकवलंच की फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून ८५ गलबतं आणि ३ मोठी जहाजं घेऊन खाली बसरूर बंदरावर गेले, आणि येताना महाशिवरात्रीला इथेच गोकर्णात दर्शनाला थांबले, मग पुढे अंकोला आणि कारवार. तुम्ही म्हणालात, हो का, आमच्याकडे हे कोणी सांगत नाही. आई एकदम खूश, जणू वर्गात पहिल्या बाकावरची पोर सापडली. आणि मग तुम्ही ताटात तंबळी (ताकातलं पातळ कालवण) वाढता वाढता विचारलंत, तुमच्याकडे चेन्नभैरादेवी शिकवतात का?

आईला नाव माहीत नव्हतं. ३१ वर्षं!

गेरसोप्प्याची राणी, १५५२ ते १६०६, म्हणजे ५४ वर्षं राज्य केलं, पोर्तुगीज तिला मिऱ्यांची राणी म्हणायचे कारण या किनाऱ्यावरच्या मिऱ्याच्या व्यापारावर तिचा हात होता. आई म्हणाली एवढं मोठं राज्य असतं तर मला माहीत असतं, तुम्ही म्हणालात उद्या तिच्या किल्ल्यावर, मिरजानला जा मग बोलू. (त्या वादात तुम्ही दोघी मोठ्याने आपापल्या भाषेत बोलत होतात आणि तरी एकमेकींना उत्तरं बरोबर देत होतात, ते मी रेकॉर्ड करायला हवं होतं.)

मिरजानचा किल्ला तुम्ही यादीत ठेवला होतात ते बरं केलंत. वीसेक किलोमीटर, हायवेपासून जरा आत, गाडी पार जवळ जाते. जांभ्या दगडाचे गोल बुरूज, त्यावर पावसाळ्याचं उरलेलं हिरवं शेवाळ, दुहेरी तटबंदी, बाहेर खंदक, आत खोल विहिरी. आमच्याकडचे किल्ले म्हणजे आधी दोन तास चढ, आणि हा सपाटीवर! आई काठी टेकत थेट आत गेली. विहिरीच्या कडेला बसून बराच वेळ तटाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ही बाई पुस्तकात हवी होती. संध्याकाळी तुमच्यासमोर तिने हे कबूल केलं नाही, तेवढा मान राखायचाच होता तिला, म्हणून मी इथे कबूल करून टाकते.

ओम बीच मी एकटीने उरकला. वरून ओंकाराचा आकार दिसतो, छान आहे, पण गर्दी आणि कॅफेंची गाणी. शेजारचा कुडले बीच त्यापेक्षा बरा वाटला मला. पोराला कुडलेला घोट्यापेक्षा जास्त पाण्यात जाऊ दिलं नाही, तुम्ही शपथ घातली होतीत ना, ओढ किती आहे ते लाटेने पायाखालची वाळू खेचून नेली तेव्हा कळलं.

आणि तदडीची होडी. यादीत नव्हतीच, तुम्ही पेनने खाली लिहिलीत. मला वाटलं आईला होडीत कशाला चढवायचं, पण स्कूटर आणि मासळीच्या टोपल्या जिथून चढतात तिथून आईही चढली. अघनाशिनी नदीच्या मुखाशी, पलीकडच्या गावापर्यंत आणि परत. ओहोटीला गुडघाभर पाण्यात बायका शिंपल्या वेचत होत्या. होडीवाल्याने सांगितलं या नदीवर धरण नाही, तर कृष्णाकाठची आमची आई, जिने पुराचं पाणी दोनदा घरात बघितलंय, धरण सोडणार की नाही या बातम्यांवर जिचा दर पावसाळा जातो, ती त्याला म्हणाली, नशीबवान आहात. त्याला मराठी कळलं नाही, पण त्याने परतीचे पैसे घेतले नाहीत.

निघताना तुम्ही सानिकट्ट्याचं मीठ बांधून दिलंत, ते मळकट जाडं मीठ. कैरीच्या लोणच्यासाठी ठेवलंय, आई कोणाला हात लावू देत नाही. पोराच्या पोटासाठी दिलेली ब्राह्मीची तंबळी मी घरी दोनदा करून बघितली, तुमच्यासारखी होत नाही, ताक आमचं जास्त आंबट असतं बहुतेक.

आणि तुम्ही भाडं घेताना तीन रात्रींचे पैसे दोन रात्रींचे केलेत ते मला बेळगाव ओलांडल्यावर हिशोब करताना लक्षात आलं. ते पैसे आईने वेगळ्या पाकिटात ठेवलेत, शिवरात्रीच्या रथाला स्वतः येऊन देणार म्हणते. गुडघ्याच्या डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.

प्रवासात खायला लाडू दिलेला तुमचा स्टीलचा डबा कुरिअर करतेय. रिकामा कसा पाठवणार म्हणून भडंग भरलंय, सांगलीचंच. पण डबा बंद केल्यावर आठवलं त्यात लसूण आहे, तुमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चालणार नाही, तर ओसरीवरच उघडा आणि मुलाला द्या.

तुमची,
नऊ ठिकाणांचा कागद घेऊन आलेली