थंबचे मशीन अकरा मिनिटे पुढे

महोदय,

धरणगाव परिसरातील एका जिनिंगमध्ये मी दिवाणजी आहे. गेल्या हंगामात कापसाच्या एका गाडीवरून वाद झाला, तेव्हा कागद काढून पाहिले. गेटच्या रजिस्टरप्रमाणे गाडी सकाळी ७.१० ला आत आली होती आणि भुईकाट्याच्या पावतीप्रमाणे तिचे भरलेले वजन ६.५२ लाच होऊन गेले होते. सीसीटीव्हीचा आधार घ्यावा, तर लाइट गेल्यानंतर त्याचे चित्रण साठवणारा डीव्हीआर कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसलेला. शेतकरी ओळखीचा होता, म्हणून चहावर मिटले.

हजेरीच्या थंब मशीनचे मात्र तसे मिटत नाही. त्याच सुमारास आमचे मशीन अकरा मिनिटे पुढे गेले होते. आठच्या पाळीचा मजूर ७.५२ ला थंब लावी, मशीन ८.०३ नोंदवी आणि नियमाप्रमाणे त्याचा अर्धा खाडा पडे. एका बाईने मोबाइल मशीनशेजारी धरून दाखवला, तेव्हा आमचे डोळे उघडले. तोवर पंधरवडा उलटला होता. कापलेली मजुरी परत दिली, पण ती बाई बोलली नसती तर मी तरी ते तपासले असते का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

यात मशीनची लबाडी नाही. अशा घड्याळांतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यात दहा लाखांत वीस इतकी चूक असली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटांचा फरक पडतो. तापमान पंचवीस अंशांपासून दूर गेले की तो मंदावतो, आणि काट्याची पत्र्याची केबिन मे महिन्यात कशी तापते हे खान्देशात कोणाला सांगायला नको. त्यातून कॉम्प्युटरमधला बटन सेल संपला, तर बंद-चालू होताना वेळच काय, तारीखही जाते.

भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर राखते आणि एनटीपी या पद्धतीने ती इंटरनेटवरून फुकट मिळते. या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) सर्व्हरशी जुळवून घ्यावे, असा निर्देश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी कंपन्या व सरकारी कार्यालयांनाही दिलेला आहे. कार्यालयातला एक कॉम्प्युटर तिथून वेळ घेईल आणि बाकीची यंत्रे नेटवर्कवरून त्याच्याकडून घेतील, एवढी सेटिंग एकदा करून ठेवली की पुरते. जे यंत्र नेटवर्कवर नाही, ते आठवड्यातून एकदा हाताने लावावे आणि ते काम कोणाचे, हे नावानिशी ठरवावे. काट्याच्या वजनाची पडताळणी करून आपण शिक्का मारून घेतो, मात्र पावतीवरच्या वेळेकडे निदान आमच्याकडे तरी कोणी ढुंकून पाहिले नव्हते.

जिनिंग, दालमिल आणि बाजार समित्यांच्या चालकांना माझी विनंती आहे की, मशीनची वेळ जुळवल्याची तारीख मजुरांना दिसेल अशी लिहावी आणि वेळ चुकीची निघाल्यास त्या काळातले सगळे खाडे रद्द करावेत. आमच्याकडे दर सोमवारी ही तारीख मशीनखालच्या पाटीवर खडूने लिहिली जाते. मशीनला मोबाइल लावून पाहण्याची त्या बाईची सवय मात्र अजून सुटलेली नाही.

– एक दिवाणजी, धरणगाव (जि. जळगाव)