रेडिओ ऐकतं का कुणी?

सातारा, रविवार

प्रिय मित्रा,

परवा फोनवर हसत विचारलंस, "रेडिओ ऐकतं का रे आता कुणी?" आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. (मोबाईलची गेली, रेडिओची नाही, एवढं लक्षात ठेव.)

ऐकतात रे. समोर मांडी ठोकून बसत नाहीत, एवढंच. आमच्या कोपऱ्यावरचा शिंपी दिवसभर विविध भारती लावून बसतो. म्हटलं, यूट्यूबवर हवं ते गाणं मिळतं की! तर म्हणाला, "शोधायला हात मोकळा कुणाचाय?" तिकडे म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग नावाचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, गावच्याच बोलीत बोलणारं.

रेडिओवर बिनाका गीतमाला सादर करणारे अमीन सायानी २०२४ मध्ये गेले, तेव्हा पहिला फोन तुझाच आला होता. बुधवारी रात्री त्यांची गीतमाला ऐकायला तुमच्या ओसरीवर रेडिओ सिलोन लागायचं. आवाज लाटेसारखा यायचा, जायचा, आणि ऐन पहिल्या पायदानाच्या, म्हणजे पहिल्या नंबरच्या गाण्याला खरखर! मग काका सेट उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. आपण श्वास रोखून बसायचो, जणू आपण हललो तर सिलोन हलेल.

फोनमधला एफएम मात्र गेल्यात जमा. हेडफोनची वायर हीच त्याची एरियल असायची. आता हेडफोनच बिनवायरीचे. म्हणून मुलाने आईच्या फोनवर आकाशवाणीचं ॲप घालून दिलं. आवाज अगदी स्वच्छ. आई खूश.

मग एका सकाळी मला खोड आठवली. स्वयंपाकघरातला जुना ट्रान्झिस्टर आणि ॲप, दोन्हीवर एकच केंद्र लावलं. बातम्यांआधीचे टूं टूं ठोके ट्रान्झिस्टरवर वाजून गेले, निवेदिकेने बोलायला सुरुवात केली, तरी फोन आपला मागेच! इंटरनेटवरून आवाज आधी थोडा साठवून मग पुढे येतो, म्हणून हा उशीर. शिवाय प्रत्येकाच्या फोनवर तो वेगळा. मला उगाच चुटपुट लागली. पूर्वी आळीतून चालत गेलं तर एकच बातमीपत्र घराघरातून सलग ऐकू यायचं, एक शब्दही चुकायचा नाही.

आईला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. भजनं ॲपवरच ऐकते अजून. पण भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं की मला हाक मारते, "त्या जुन्या ट्रान्झिस्टरचे सेल बघ रे जरा."

दिवाळीत ये. तुमचा सेट माळ्यावर असेल तर घेऊन ये, शिंपी दुरुस्त करणारा माणूस ओळखतो.

तुझाच,
ओसरीवरचा शेजारी