व्हिडिओ बघून मुलाला काय आले, तेही छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरबसल्या विज्ञान शिकण्यासाठी उपयुक्त अशा यूट्यूब चॅनेलांची यादी आली होती. मी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यादी आली त्याच दिवशी दुपारपर्यंत आमच्या पालकांच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरत होता आणि संध्याकाळी ‘बाई, यातले कुठले लावू?’ असे फोन सुरू झाले. म्हणून हे पत्र.

यादीत प्रत्येक चॅनेलपुढे सबस्क्रायबर किती, व्ह्यूज किती आणि ‘सोपी भाषा’, ‘रंजक मांडणी’, ‘उत्तम ग्राफिक्स’ असा एखादा शेरा आहे. व्हिडिओ बघितल्यावर मुलाला काय येऊ लागले, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. सोपे वाटणे आणि समजणे यांत किती अंतर असते, हे शिक्षकाला पहिल्या घटक चाचणीलाच कळते. मान डोलावणारा अख्खा वर्ग पेपरात कोरा निघतो.

हे माझे एकटीचे रडगाणे नाही. ‘व्हेरिटॅसियम’ हे जगभर पाहिले जाणारे विज्ञान चॅनेल चालवणारे डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात 2008 साली पीएच.डी. केली, ती नेमकी याच विषयावर. न्यूटनच्या नियमांवरचा एक स्वच्छ, सुटसुटीत व्हिडिओ त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवला. विद्यार्थी खूश. स्पष्ट आहे, समजायला सोपा आहे, असे सगळे म्हणाले. चाचणीत 26 पैकी सरासरी गुण आधी 6 होते, नंतर 6.3 झाले. दुसऱ्या व्हिडिओत मुलांच्या डोक्यात आधीपासून बसलेल्या चुकीच्या समजुती एक पात्र बोलून दाखवते आणि मग त्या खोडल्या जातात. हा व्हिडिओ पाहणाऱ्यांनी ‘गोंधळायला झाले’ अशी तक्रार केली, आणि त्यांचे गुण 11 पर्यंत गेले. पहिल्या गटाचे काय झाले असावे, तर आपल्याला हे येतेच, असे समजून ते बघत राहिले. जे ऐकले ते जुन्याच समजुतीत बसवून घेतले आणि वर आत्मविश्वास तेवढा वाढला.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातला 2013 सालचा प्रयोग तर याहून गमतीचा आहे. काळ्या-पांढऱ्या-नारिंगी अशा तिरंगी मांजरी जवळजवळ नेहमी मादीच का असतात, हे समजावणारा जेमतेम मिनिटभराचा व्हिडिओ. बाई तीच, मजकूर तोच. एका गटाला ताठ उभे राहून, कॅमेऱ्याकडे बघत, न अडखळता सांगितलेला. दुसऱ्याला कागदात मान घालून चाचपडत वाचलेला. आपल्याला किती आठवेल, याचा अंदाज पहिल्या गटाने भरघोस दिला. प्रत्यक्षात दोन्ही गटांना सारखेच आठवले. आपल्या यादीतले ‘प्रभावी सादरीकरण’ वाचताना मला त्या मांजरी आठवल्या.

आता आपल्याकडच्या एका व्हिडिओचे उदाहरण. थाळीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढते. निवेदक सांगतो, ऑक्सिजन जळून संपला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली, आणि पाणी पाचव्या हिश्शाइतके चढले, कारण हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के आहे. चॅनेलचे नाव लिहीत नाही, कारण हेच स्पष्टीकरण अनेक ठिकाणी अगदी याच थाटात मिळते. व्हिडिओ देखणा असतो, संगीत मस्त असते, खाली ‘खूप छान सर’ची रांग असते.

आठवीच्या वर्गात आम्ही तो व्हिडिओ लावला आणि लगेच टेबलावर प्रयोग केला. पाण्यात कुंकू घातले होते, म्हणजे मागच्या बाकावरूनही दिसावे. मुलांना एकच सांगितले होते की ज्योतीकडे बघू नका, पाण्याच्या पातळीकडे बघा. ज्योत जळत होती तोवर पाणी जेमतेम हलले. उलट ग्लासच्या काठाखालून दोन-चार बुडबुडे बाहेर पडले. ज्योत विझली आणि मग पाणी सरसर वर चढले. ऑक्सिजन जळून जागा रिकामी होत असती, तर पाणी जळतानाच हळूहळू चढायला हवे होते. नंतर त्याच ग्लासखाली तीन मेणबत्त्या ठेवल्या. पाणी पहिल्यापेक्षा बरेच वर गेले. एक मुलगी म्हणाली, “बाई, ग्लास तोच, मग हवा पण तेवढीच. तीन मेणबत्त्यांना जास्तीचा ऑक्सिजन आला कुठून?”

तिथेच त्या स्पष्टीकरणाचा निकाल लागला. ग्लास खाली येताना ज्योतीभोवतीची हवा तापून पसरलेली असते, काही बाहेरही निसटते. ज्योत विझल्यावर आतली हवा थंड होऊन आकसते, जळताना झालेल्या वाफेचे पाणी होते, आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मेणबत्त्या जास्त, तर उष्णता जास्त. शिवाय ऑक्सिजन जळला म्हणून जागा रिकामी होत नाही. त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ येते. आणि मेणबत्ती विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. ‘पाचवा हिस्सा’ हा ग्लासच्या आणि मेणबत्तीच्या मापाचा योगायोग.

यात वाईट वाटले ते एवढ्याचेच की हे तपासायला लागते काय? एक थाळी, एक ग्लास, तीन मेणबत्त्या आणि पाच मिनिटे. व्हिडिओ करणाऱ्याने कॅमेरा, दिवे, ड्रोनशॉट यांवर खर्च केला, दोन मेणबत्त्यांवर केला नाही. (विज्ञानाच्या व्हिडिओत ड्रोनशॉट कशाला लागतो, हेही एक कोडेच.)

दुसरी चूक याहून पसरलेली आहे. जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा मराठी-हिंदी व्हिडिओंचा पूर आला. मुलांनी ते आवडीने पाहिले, त्याचा आनंदच आहे. पण ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते म्हणून अंतराळवीर तरंगतात’ हे वाक्य त्यातल्या किती जणांनी बिनदिक्कत म्हटले! स्थानक जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटरवर फिरते. तिथे गुरुत्व त्वरण (पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदाने वाढतो, तो आकडा) 8.7 च्या आसपास असते, म्हणजे जमिनीवरच्या 9.8 च्या जवळजवळ नऊ दशांश. तिथे गुरुत्वाकर्षण नसते, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते, सरळ रेषेत निघून गेले असते. स्थानक आणि आतली माणसे दोन्ही एकत्र, सतत पृथ्वीकडे पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. दहावीच्या विज्ञान भाग 1 चा पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आहे. परीक्षेआधी उजळणी म्हणून असा व्हिडिओ बघणाऱ्या मुलाने पुस्तकावर विश्वास ठेवावा की पन्नास लाख लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओवर, हे त्याला कोणी सांगायचे?

व्ह्यूजचा आकडा काय सांगतो, तर लोकांनी बटण दाबले. बाकी काही नाही. पूर्वी नापसंतीचा आकडा तरी दिसायचा. नोव्हेंबर 2021 पासून यूट्यूबने तोही झाकला. चूक दाखवणारी एखादी चांगली कमेंट असतेच, पण ती कौतुकाच्या ढिगाऱ्याखाली इतकी खोल जाते की पालकाच्या हाती लागत नाही. म्हणून मी पालकांना सांगते की खाली आधी बघा, व्हिडिओवाल्याने स्वतः ‘अमुक मिनिटाला मी चुकीचे बोललो’ असे कुठे लिहिले आहे का. ज्याच्या शेकडो व्हिडिओंत एकही दुरुस्ती नाही, त्याच्याकडे मी जरा संशयानेच बघते. सांगणारा कोण आहे, त्याचे नाव तरी आहे का, की यंत्राच्या आवाजात कुठलीतरी चित्रे सरकताहेत, हेही बघावे लागते. आणि सरकारी शिक्का आहे म्हणून डोळे मिटून घ्यावे, असेही नाही. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागे उत्तम व्हिडिओही सापडले आहेत आणि पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा वाचून दाखवणारेही.

चांगले कसे असते, तेही सांगायला हवे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे छोटे छोटे व्हिडिओ केले. ना झगमगाट, ना ‘शेवटपर्यंत बघा’ची आर्जवे. स्ट्रॉ, काड्यापेटी, सायकलची ट्यूब, दोन हात. पण व्हिडिओ संपला की मूल उठते आणि घरात स्ट्रॉ शोधायला लागते. स्ट्रॉची पिपाणी तोंडाने वाजवताना कात्रीने तुकडा-तुकडा कापत नेली की आवाज चढत जातो. तो आपल्या कानांनी ऐकलेल्या मुलाला लांबी आणि स्वराची उंची यांचा संबंध वेगळा पाठ करावा लागत नाही. आपल्या यादीत हे व्हिडिओ नव्हते. सबस्क्रायबरच्या उतरत्या क्रमाने यादी लावली की असेच व्हायचे.

तेव्हा विनंती अशी. पुढची यादी करताना प्रत्येक चॅनेलचा एकच व्हिडिओ निवडावा. तो विषय न शिकलेल्या चार मुलांना आधी दोन प्रश्न विचारावेत, मग व्हिडिओ दाखवावा आणि लगेच नव्हे, तर चार दिवसांनी तेच प्रश्न जरा फिरवून विचारावेत. ‘अंतराळवीर का तरंगतात?’ असे विचारू नये, त्याचे उत्तर पोपटासारखे येते. ‘स्थानकाची खिडकी उघडून चेंडू हलकेच सोडला तर तो कुठे जाईल?’ असे विचारावे. मुलांची उत्तरे चुकांसकट, त्यांच्याच शब्दांत व्हिडिओच्या नावाखाली छापावीत. शेऱ्याची गरजच पडणार नाही. विषयाच्या एका शिक्षकाने व्हिडिओतल्या ढोबळ चुका दोन ओळींत नोंदवाव्यात. जागा जास्त लागेल, हे मान्य. वीसऐवजी पाचच चॅनेल छापा.

मुलांची सोय मी करते. आमच्या आठवी-नववीत बोलकी मुले भरपूर आहेत, फक्त सहामाही परीक्षेचा आठवडा सोडून कळवावे.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका, सातारा