पान ६ वरची ती जाहिरात आणि माझ्या खिशातली गोळी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी निपाणीचा, वय ५९, तुमचा पेपर आमच्या घरी यायला लागून तीस वर्षं होत आली. आजवर दोनच पत्रं लिहिली, एक सीमाप्रश्नावर आणि एक मुतारीच्या वासावर, दोन्ही छापलीत, आभार, मुतारी अजून तशीच आहे ते सोडा. हे तिसरं पत्र लिहायला मला दीड महिना लागला कारण विषयच असा आहे, लिंगाला ताठरता न येण्याचा, की घरात पोरं, सून, नातवंडं असताना कागद कुठं ठेवायचा हाच प्रश्न.

तुमच्या पान ६ वर छोट्या जाहिरातींत एक चौकट असते. "मधुमेहामुळे आलेली कमजोरी, ढिलेपणा, निराश रुग्णांनी अवश्य भेटा, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी १० ते ५", खाली लॉजचं नाव नि रूम नंबर. गंमत बघा, त्याच दिवशी पान १ वर तुम्ही भोंदूबाबाच्या अटकेची बातमी चार कॉलमात लावलेली. साहेब, १९५४ सालचा केंद्राचा कायदा आहे, औषधं आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा, त्यात लैंगिक ताकद वाढवून देतो असली जाहिरात करायला सरळ बंदी आहे आणि ती छापण्यात भाग घेणाराही त्यात येतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. मी काय तुम्हाला धमकी देत नाहीय, मी स्वतःच त्या रूममध्ये जाऊन आलोय म्हणून लिहितोय.

तीन वर्षांमागं माझी अँजिओप्लास्टी झाली. शुगर तर चौदा वर्षांपासून. छातीत कधीमधी दाटतं म्हणून जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट कायम शर्टाच्या खिशात असते. हार्टच्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या वेळी एक गोष्ट हळू आवाजात सांगितली होती, बेडवर मदत करणाऱ्या त्या निळ्या गोळ्या तुम्हाला आयुष्यात चालायच्या नाहीत. कारण सोपं आहे, दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात, दोन्ही एकत्र पोटात गेली की बीपी एकदम खाली कोसळतं, माणूस उठतच नाही. एका प्रकारच्या गोळीनंतर २४ तास, दुसऱ्या जास्त टिकणाऱ्या प्रकारानंतर ४८ तास सॉर्बिट्रेट हातात धरायची नाही असा नियम आहे. म्हणजे मला गोळीचा रस्ता बंद. आणि आमच्याकडं समज असा की गोळी बंद म्हणजे सगळंच बंद, मग राहिलं काय, तर जडीबुटी. जडीबुटीनं अपाय होत नाही ही आपली पिढ्यानपिढ्यांची खात्री.

रूममध्ये पलंगावर पांढरी चादर, टीपॉयवर काचेच्या बरण्या, एकीत काळं काहीतरी, एकीत मुळ्या. तिथं बसलेल्या जाहिरातवाल्यानं नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला लहानपणच्या चुका भोवल्यात. अहो चौदा वर्षांची शुगर आहे म्हटलं तर ते त्यानं ऐकलंच नाही. साडेसहा हजार रुपये, चाळीस पुड्या, दुधातून.

आणि साहेब, पुडीनं काम केलं! तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. तासाभरात तोंड गरम झालं, डोकं ठणकायला लागलं, थोड्या वेळानं छातीत दाटलं, हात आपसूक खिशाकडं गेला. आमच्या मंडळींनी तो हात धरून ठेवला. म्हणाली आधी डॉक्टरांना फोन, मग गोळी. पोरानं फोन लावला, पलीकडून एकच वाक्य, जिभेखाली काही ठेवू नका, आहे तसे घेऊन या. त्या रात्री वाचलो ते तिच्या हट्टामुळं. सकाळी डॉक्टर म्हणाले, काका, तासाभरात चालणारी जडीबुटी नसते, असल्या पुड्यांत तीच निळी गोळी कुटून घातलेली अनेकदा सापडलीय, देशात पण आणि परदेशात पण.

त्यांनीच मला कोल्हापूरच्या एका युरॉलॉजिस्टकडं पाठवलं. मुतखड्याचा डॉक्टर इतकंच मला माहीत, तोच ह्याचाही डॉक्टर असतो हे वयाच्या ५७ व्या वर्षी कळलं. त्यांचा पहिला प्रश्न, सकाळी झोपेतून उठताना ताठरता येते का. येत असेल तर नळ्या-नसा बऱ्यापैकी शाबूत, दुखणं मनात, टेन्शनमध्ये, नवराबायकोच्या अबोल्यात असू शकतं, तिथं समुपदेशनानं फरक पडतो, तरण्या पोरांत हे जास्त असतं म्हणे. मला येत नव्हती. मग तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर (१०.२, काय सांगू), कोलेस्टेरॉल, आणि सकाळच्या वेळात काढलेलं टेस्टोस्टेरॉन. ते नॉर्मल आलं म्हणून हार्मोनचं इंजेक्शन नको म्हणाले, कमी असेल तरच ते द्यायचं, टॉनिक म्हणून नाही.

मग त्यांनी कागदावर दोन नळ्या काढल्या. हृदयाची रक्तवाहिनी साधारण ३-४ मिलिमीटर, लिंगाची १-२ मिलिमीटर. चोंदायला लागली की आधी बारीक नळी चोंदते. आमच्याकडं पाटाच्या शेवटाला ज्याचं रान असतं त्याचं पीक आधी वाळतं, तसंच की हे. मला हा त्रास अँजिओप्लास्टीच्या आधी चार वर्षं होता! तेव्हा लाजून गप्प बसलो नसतो तर हृदयाची तपासणी आधी झाली असती. हे एवढं जरी तुमच्या वाचकांना समजलं तरी पुष्कळ. आणि तंबाखू. मी वखारीत हयात घातलेला माणूस, आमच्या गावाचं नावच तंबाखूवर, आम्हाला कोण सांगणार तंबाखू सोडा म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं. पूर्ण सुटली नाही, दिवसाला सात-आठ चिमटींवरून एकावर आलोय, खोटं कशाला बोलू.

आता गोळीशिवाय काय काय असतं ते, जसं मला सांगितलं तसं.

मी घेतला तो पंप. प्लॅस्टिकची जाड पारदर्शक नळी, एका टोकाला हातपंप, आत हवा ओढून घेतली की पोकळीमुळं रक्त उतरतं, मग मुळाशी रबराची रिंग सरकवायची, नळी काढायची. रिंग तीस मिनिटांच्या वर ठेवायची नाही, मी मोबाईलवर अलार्म लावतो. पाण्यात विरघळणारी जेली वापरायची, खोबरेल नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर काळंनिळं पडू शकतं, म्हणून माझ्या हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच युरॉलॉजिस्टांनी हो म्हटलं. पार्सल आलं त्या दिवशी दारात नातू उभा, त्यानं बॉक्स फाडला आणि ओरडला, आजोबांनी रंगपंचमीला पिचकारी मागवली! सून आत गेली ती अर्धा तास बाहेर आली नाही. मंडळी म्हणाली, अगोबाई, हा तर सायकलचा पंप की ओ. आणि तिचं फार चुकलं नाही, हे यंत्र अमेरिकेत ज्यानं लोकांपर्यंत पोचवलं तो जॉर्जिया राज्यातला गेडिंग्ज ऑस्बन नावाचा टायरच्या धंद्यातला माणूस, स्वतःसाठी बनवलं, मग १९८२ साली तिथल्या सरकारकडून विकायची परवानगी मिळवली.

खरं सांगायचं तर पंपाचं सुख साधंच असतं. थंडगार लागतं, मुळाशी जरा हलतं, रिंग आवळते, पहिले चार-पाच वेळा तर आम्ही दोघं हसण्यातच घालवले. सराव लागतो, आणि बायको सोबत शिकायला लागते, डॉक्टरांनी म्हणून तर तिला आत बोलावलं होतं. पण छातीवर भार नाही, औषध नाही, एकदाच खर्च.

ज्यांना पंप जमत नाही त्यांना इंजेक्शन. लिंगातच, बाजूनं, इन्शुलिनसारख्या बारीक सुईनं, पाच ते वीस मिनिटांत काम. ऐकून अंगावर काटा येतो पण इन्शुलिन घेणाऱ्याला तेवढं वाटत नाही. ह्याचा इतिहास डॉक्टरांनी सांगितला तो लई भारी, जाईल्स ब्रिंडली नावाचे इंग्लंडचे शास्त्रज्ञ १९८३ ला लास व्हेगासच्या डॉक्टरांच्या परिषदेत स्वतःला टोचून घेऊन भाषणाला उभे राहिले आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून भर सभेत पँट खाली केली, पुढच्या रांगांत सहकाऱ्यांच्या बायका पण बसल्या होत्या. आज त्यात अल्प्रोस्टॅडिल, पॅपावेरिन, फेन्टोलामिन असली औषधं एकेकटी किंवा मिसळून वापरतात. पहिला डोस दवाखान्यातच, डोस ठरल्यावरच घरी. धोका एकच मोठा, ताठरता चार तासांनी पण उतरली नाही तर ती इमर्जन्सी, आतलं मांस कायमचं खराब होतं. मी तिथंच नको म्हटलं. रात्री अडीच वाजता असल्या अवस्थेत कोल्हापूरच्या रस्त्याला लागायचं आणि गाडी चालवणार पोरगा, नको रे बाबा. खानापूरच्या आतल्या खेड्यातल्या माणसानं तर हा विचार आधी करावा.

सगळं हरलं की ऑपरेशन, आत दांडी बसवतात. एक वाकवता येणारी, साधी, आपल्याकडं भारतात पण बनते, शहा प्रोस्थेसिस म्हणतात तिला, परदेशीपेक्षा पुष्कळ स्वस्त. दुसरी पाण्यानं फुगणारी, १९७३ पासून आहे, अंडकोषाच्या पिशवीत छोटा पंप, तो दाबत गेलं की ताठ, त्याच्यावरचं बटण दाबलं की सैल, पण तिचा खर्च काही लाखांत. हे केल्यावर मागं फिरता येत नाही, मूळची ताठरता गेली ती गेली, आणि शुगर वर असताना केलं तर जखम चिघळायची भीती. म्हणून घाई नको.

शॉकवेव्हची, म्हणजे लिंगावर बाहेरून यंत्रानं लहरींचे झटके द्यायची, पॅकेजं पण हल्ली मोबाईलवर फार दिसतात, दहा सीटिंग, ईएमआयवर. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेनं २०१८ च्या आपल्या मार्गदर्शनात ती अजून प्रयोगातलीच धरलीय, आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट काढून द्यायचं इंजेक्शन पण तसंच. मला डॉक्टर म्हणाले पैसे जास्त झाले असतील तर करा.

फुकटातलं एक राहिलं. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात ते आवळायचे-सोडायचे, रोज, महिनोन्महिने. इंग्लंडमध्ये ५५ जणांवर अभ्यास झाला होता, सहा महिन्यांनी त्यातले ४० टक्के पूर्ववत झाले. मी पेपर वाचता वाचता करतो, म्हणजे तुमचा अग्रलेख मला दोन्हीकडून उपयोगी पडतो. शिवाय रोज चाळीस मिनिटं चालणं, ती तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर आता ७.४ वर आलीय. आणि बीपीच्या काही गोळ्यांनी पण हा त्रास वाढतो, पण म्हणून त्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायच्या.

आता मुद्दा. हे सगळं मला कळायला निपाणी सोडून जावं लागलं, साडेसहा हजार आणि जवळजवळ जीव घालवावा लागला. आमच्या भागात सरकारी दवाखान्यात भिंतीवरची माहिती कन्नडमध्ये, पंपाच्या बॉक्समधला कागद इंग्लिशमध्ये. साध्या, समजेल अशा मराठीत ह्या दुखण्यावर आमच्याशी बोलणारा एकच माणूस आहे आणि तो लॉजच्या १०४ नंबरच्या रूममध्ये बसलाय. त्याची जाहिरात पण शुद्ध मराठीत, तुमच्याच पेपरात. निराश रुग्ण म्हणतो तो आम्हाला, आम्हाला वाटतं बघा कुणीतरी ओळखलं.

तर दोन मागण्या. ती चौकट बंद करा, आठवड्याला तुम्हाला त्यातून जे काही मिळत असेल ते सोडा. आणि आरोग्याच्या पुरवणीत महिन्यातून एकदा बेळगाव नाहीतर कोल्हापूरच्या युरॉलॉजिस्टला लिहायला सांगा, वाचकांचे प्रश्न निनावी घ्या, आणि कृपा करून "शिश्नोत्थान दोष" असलं काही छापू नका, ताठरता म्हणा, सगळ्यांना कळतं.

माझं नाव छापू नये ही विनंती, गाव छापलं तर हरकत नाही, गल्ली नको. पत्र मंडळींना वाचून दाखवलंय. पंपाबद्दलची दोन वाक्यं तिनं खोडली, बाकी राहू दे म्हणाली.

आपला,
एक जुना वाचक, निपाणी