आई, सुई-दोरा खाली ठेव

ती. आई-बाबांना
सा. नमस्कार.

आई, काल फोनवर तू "दोन टाके घातले की झालं" म्हणालीस, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. मी बाबांसाठी पाठवलेल्या स्वेटरच्या खांद्यावर भोकं निघाली, त्यांना सुई लावू नकोस. लावली असशील तर तसं सांग, रागावणार नाही, पण पुढचा टाका घालू नकोस. स्वेटर परत करायचा, हे मी ठरवून टाकलंय. दुकानाच्या तुमच्या जवळच्या शाखेत फोनही केला. दुसऱ्या शाखेतला माल ते घेतात, फक्त बिल लागतं.

चूक माझीच आहे. सवलतीच्या रॅकवरून घाईघाईत उचलला, उजेडाकडे धरून पाहिला नाही. आणि परत करायची मुदत या शनिवारी संपते, मी येणार पुढच्या महिन्यात. म्हणून हेलपाटा तुमच्या माथी. बाबांचा गुडघा तसा असताना त्यांना काउंटरपुढे उभं करायचं, हे मनाला फार लागतंय.

बाबा, तुम्ही म्हणणार, "डॅमेज म्हणून स्वस्तात घेतला, आता कुठल्या तोंडाने तक्रार करायची?" याच तोंडाने. सवलत मिळाली ती त्यांनी सांगितलेल्या दोषापोटी. टॅगवर काय लिहिलंय बघा: "बटण नाही." खालून दुसरं बटण नाही, ते मान्य करून आपण पैसे दिले. खांद्यावरच्या भोकांबद्दल चिठ्ठीवर अवाक्षर नाही आणि घेताना ती दिसतही नव्हती. बटणाबद्दल काही बोलायचंच नाही. भोकांबद्दलच बोलायचं.

ती भोकं पडली कशी हे नीट समजून घ्या, कारण काउंटरवरचा मुलगा हमखास म्हणेल की कुठेतरी अडकला असेल किंवा कसर लागली असेल. विणीचं कापड शिवताना सुईचं टोक गोलसर असावं लागतं, म्हणजे ती धागा बाजूला सारून आत जाते. सुई झिजलेली असली, टोकाला खरखर आली असली किंवा कापडाच्या मानाने जाड असली तर ती धागाच तोडते. तुटलेला धागा शिवणीत दाबून राहतो, म्हणून नवा कपडा धडधाकट दिसतो. अंगात घालून दोन-चारदा खांदा हलला की टाका सुटतो आणि भोक उघडं पडतं.

फोटोत मी मोठं करून पाहिलं. डाव्या खांद्यावर पाच भोकं आहेत, सगळी शिवणीला लागून, एका रेषेत, जवळजवळ सारख्या अंतरावर. कसर अशी पट्टी धरून खात नाही. ती कुठेही खाते. खिळ्याला अडकलं असतं तर आजूबाजूचा धागा ओढला जाऊन वीण गोळा झाली असती. तशी एकही सुरकुती नाही. दुकानदाराला एवढंच दाखवा: "बघा, शिवणीच्या कडेने ओळीत आहेत." आणि आई, तू रफू केलंस तर ही ओळच बुजेल, वर ते म्हणतील की तुम्ही काम केलेला कपडा आम्ही घेत नाही. तुझ्या हाताला नाव ठेवत नाही गं. रफू असा करतेस की मलाही सापडत नाही, अडचण तीच तर आहे.

आता तयारी. स्वेटर धुवायचा नाही, झटकायचा नाही, इस्त्री तर नाहीच. टॅग आणि त्याचा प्लास्टिकचा दोरा आहे तसा राहू दे. भोकाच्या बाजूला कागदी चिकटपट्टीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा लावा, म्हणजे काउंटरवर शोधत बसावं लागणार नाही. पेनाने खूण करू नका, टाचणी तर मुळीच नको; टाचणीचंही भोक होतं आणि मग कोणतं कोणाचं हा वाद. घडी अशी घाला की डावा खांदा वर येईल. सुटलेले टाके ओढून बघू नका, धागा खाली ओघळत जातो.

बिल मी पाकिटात वेगळं पाठवलं होतं. ते प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवलं असेल तर आत्ताच काढा. हा उष्णतेने उमटणारा कागद असतो. काही प्लास्टिकमधल्या तेलकट द्रव्याने अक्षरं फिकी पडतात आणि कागद फार तापला तर काळा होतो. साध्या कागदाच्या घडीत ठेवा. हात सॅनिटायझरने ओले असताना त्याला हात लावू नका. बाबा, तुमच्या मोबाइलवर त्याचा एक फोटो काढून ठेवा, तारीख आणि बिल नंबर वाचता येतील असा.

जायचं ते आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकान उघडल्यावर तासाभराने. शनिवारवर ढकलू नका. त्या दिवशी गर्दी असते, कोणी नीट ऐकत नाही, आणि काही राहिलं तर पुन्हा जायला दिवस उरत नाही. ट्रायल रूमजवळ बसायला काहीतरी असतं. बाबांनी तिथे बसावं, बोलणं आईने करावं. बाबा, राग मानू नका, पण तुम्ही पहिल्याच नकाराला "असू द्या हो" म्हणता.

तो मुलगा टॅगवरचं "सवलतीचा माल परत घेतला जात नाही" हे वाक्य दाखवेल. आई, आवाज न चढवता एकच सांग: "आवडला नाही म्हणून परत करत नाही. तुम्ही सांगितला नव्हता असा दोष निघालाय." तरी नाही म्हणाला तर मॅनेजरला बोलाव. ज्याच्या हातात अधिकार नाही त्याच्याशी अर्धा तास घालण्यात अर्थ नसतो, त्यात त्याचाही दोष नाही.

मग ते पर्याय देतील. बदली नग घेऊ नका: सवलतीच्या रॅकवर तोच स्वेटर त्याच मापात मिळणं कठीण, आणि नव्या मालातला देऊन वरचा फरक मागतील. क्रेडिट नोटही नको, तिला मुदत असते आणि ती त्याच दुकानात खर्चावी लागते. पैसे परत मागा. ते माझ्याच कार्डावर येतील, ज्या कार्डाने दिले त्यावरच देतात, त्यामुळे हातात रोकड दिली नाही म्हणून वाद नको. जेवढे भरले तेवढेच येतील, छापील किंमत नाही. परतीची पावती मात्र घेतल्याशिवाय निघू नका, बँकेत पैसे यायला काही दिवस लागतात आणि तोवर तीच आपल्या हातात असते.

आईच्या जाकिटाचं वेगळं. त्याच्या टॅगवर "कॉलरला डाग" असं स्वच्छ लिहिलंय आणि डाग तेवढाच आहे. चेन मी पाच-सहा वेळा वर-खाली करून पाहिली, रनरच्या मागे दात उघडत नाहीत. बगलेची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली, टाके हलले नाहीत. ते परत मागणं खोटेपणाचं होईल. ठेवून घ्या. डाग मेकअपचा दिसतो, म्हणजे तेलकट. पाणी लावायच्या आधी, कोरड्यावरच भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाक, बोटाने हलकेच चोळ, १० मिनिटं थांब, मग थंड पाण्याने धू. त्याआधी आतल्या शिवणीवर रंग सुटतो का ते पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून बघ. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको, उष्णतेने तो कायमचा बसतो. लेबलवर टबाच्या चित्रात ३० आहे, म्हणजे त्याहून गरम पाणी नको.

बाबा, गणवेश घेताना तुम्ही प्रत्येक शिवण ओढून बघायचात आणि मी लाजून दुकानाबाहेर जाऊन उभी राहायची. आता कळतंय.

तुम्हाला दुसरा स्वेटर मी आल्यावर आपण तिघं जाऊन घेऊ, भर दुपारी, दाराशी उजेडात धरून. तोवर तो जुना करडा आहेच, आईने कोपराला रफू केलेला. गुडघ्याला पट्टा बांधून जा, रिक्षाने जा, पायी नको. गोळ्या घेऊन निघा.

आणि बाबा, सकाळी गार आहे म्हणून तोच स्वेटर अंगात घालून दुकानात जाऊ नका. ओळखते मी तुम्हाला.

तुमची,
धाकटी